एकाच इंधनाचे दोन भाव

मुंबईत माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेलं पेट्रोल पुण्यात येतं ते जमिनीखालून. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई-पुणे पाइपलाइन १९८५ मध्ये सुरू झाली आणि पुढे सोलापूरपर्यंत गेली. खाडीकाठावरून निघालेलं इंधन सह्याद्री चढतं, लोणी काळभोरच्या डेपोत उतरतं आणि तिथून टँकरने शहरातल्या पंपांवर पोचतं. यातली थक्क करणारी गोष्ट म्हणजे पाइप एकच आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल असे सगळे द्रव त्याच पाइपमधून एकामागोमाग एक ढकलले जातात आणि त्यांच्यामध्ये कसलाही पडदा नसतो. प्रवाहाचा जोर पुरेसा असला की दोन द्रव जिथे भेटतात तिथे थोडंसंच मिश्रण होतं. सतत घनता मोजून ते नेमकं हेरायचं, वेगळ्या टाकीत काढायचं आणि बाकीचं आपापल्या टाकीत सोडायचं. पेट्रोल आणि डिझेल एकमेकांना थेट भिडू नयेत म्हणून आपल्याकडच्या पाइपलाइनींमध्ये त्या दोघांच्या मध्ये रॉकेलचा पट्टा सोडायची पद्धत रुळली. रॉकेल रासायनिकदृष्ट्या दोघांच्या अधलंमधलं आहे. त्याचा थोडा अंश इकडे किंवा तिकडे मिसळला तरी फारसं बिघडत नाही.

रॉकेलचा हा सोशीक स्वभाव पाइपच्या आत इंजिनिअरांच्या कामाला आला. पाइपच्या बाहेर त्याच स्वभावाने महाराष्ट्रात एका माणसाचा जीव घेतला. ते कसं घडलं हे समजायला आधी पंपावरच्या भावाकडे वळावं लागेल.

माहुल ते पुणे हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पण या पेट्रोलची कारखान्याच्या दारातली किंमत ठरवताना एक अशी सफर मोजली जाते, जी त्याने कधी केलेलीच नसते. सी. रंगराजन यांच्या समितीने २००६ मध्ये सुचवलेल्या सूत्रानुसार कारखान्याच्या दरात ८० टक्के वजन आयातीच्या भावाला आणि २० टक्के निर्यातीच्या भावाला दिलं जातं. हेच पेट्रोल आखाती देशातून जहाजाने आणलं असतं तर तिथला भाव, जहाजाचं भाडं, विमा, सीमाशुल्क धरून ते केवढ्याला पडलं असतं, याचा तो हिशेब आहे. न आलेल्या जहाजाचं भाडं आपल्या बिलात असतं. पहिल्यांदा ऐकल्यावर ही लबाडी वाटते. मात्र त्यामागे एक तर्क आहे. भारत आपल्या गरजेचं बहुतेक कच्चं तेल बाहेरून आणतो. देशातला दर जगातल्या दरापासून फार तुटला, तर कारखान्याला पेट्रोल इथे विकण्यापेक्षा बाहेर पाठवणं परवडेल, किंवा उलट बाहेरून आणणंच स्वस्त पडेल.

त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क येतं. २०१४ मध्ये ते पेट्रोलवर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं. त्या वर्षाच्या उत्तरार्धात जगात तेल कोसळलं, तशी नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात नऊ वेळा वाढ होऊन ते २१ रुपये ४८ पैशांवर गेलं. जगातली स्वस्ताई पंपापर्यंत पूर्ण पोचलीच नाही, मधल्या मध्ये तिचा कर झाला. शुल्काच्या पुढे विक्रेत्याचं कमिशन आणि या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रभर पेट्रोलवर तो २५ टक्के अधिक लिटरला ५ रुपये १२ पैसे असा एकसारखा झाला. कराचा दर सारखा झाला तरी राज्यभर भाव मात्र सारखा होत नाही. परभणीत पेट्रोल नेहमी राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलांपैकी असतं, कारण जवळ डेपो नाही. तिथलं इंधन टँकरने थेट मनमाडच्या बाजूने येतं आणि त्या प्रवासाचा खर्च लिटरला चिकटतो. पुणेकरांच्या पायाखालच्या पाइपने हा खर्च वाचवलेला आहे.

इथवर सगळं अंकगणित होतं. खरं नवल सुरू होतं ते एकाच द्रवाला दोन भाव लागले की. मग तो द्रव जागा सोडून चालू लागतो.

मार्च २०१२ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झालेल्या मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपये एका झटक्यात उतरले. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला पत्रादेवीचा नाका ओलांडून टाकी भरून येणं परवडू लागलं. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचे ट्रकवाले कागल सोडून कर्नाटकात गेल्यावर डिझेल भरत आले, तेही याच कारणाने. यात बेकायदा काही नाही. हेच दृश्य शंभरपट मोठं करून पाहायचं असेल, तर दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या सीमेवर जावं लागेल. जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांचा मालक असलेला व्हेनेझुएला आपल्या नागरिकांना वर्षानुवर्षं पेट्रोल जवळजवळ फुकट देत होता. ते कॅनमधून, गाड्यांच्या वाढवलेल्या टाक्यांतून सीमेपलीकडच्या कुकुता शहरात जाई आणि रस्त्याच्या कडेला विकलं जाई. हे विकणाऱ्यांना तिथे ‘पिंपिनेरो’ असं नावच पडलं. त्यावर कुटुंबंच्या कुटुंबं जगली. सरकारने आपल्या जनतेसाठी सोसलेला तोटा शेजारच्या देशातल्या गाड्यांत जळत होता.

आपल्याकडे अशी सीमा प्रत्येक गावातून जात होती. रेशन दुकान आणि पेट्रोल पंप यांच्यामधली.

गरिबाच्या घरात दिवा आणि स्टोव्ह पेटावा म्हणून रॉकेल सरकारी दराने मिळत असे. २०११ च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला १२-१३ रुपये आणि डिझेल ४० रुपयांच्या आसपास होतं. रॉकेल डिझेलमध्ये मिसळतं आणि इंजिन लगेच तक्रार करत नाही. वंगणाचा गुण कमी असल्याने इंधनाचा पंप हळूहळू झिजतो, पेट्रोलमध्ये घातलं तर ऑक्टेन उतरून इंजिन ठोकू लागतं, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात. लिटरमागे पंचवीसेक रुपयांचा हा फरक आणि ते रसायन मिळून एक बिनभांडवली कारखाना तयार झाला होता. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जाई, तो काढायची युक्ती निघाली. २००६ मध्ये डोळ्यांना न दिसणारा मार्कर मिसळायला सुरुवात झाली, तोही फार काळ टिकला नाही.

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी हे तेल कंपन्यांच्या डेपोंचं ठिकाण. मुंबईहून येणारी दुसरी एक पाइपलाइन तिथे पोचते आणि उत्तर महाराष्ट्र, मराठवाड्याकडे टँकर तिथूनच सुटतात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने चालले होते. एका ढाब्यापाशी टँकरमधून भेसळीचा उद्योग चाललेला त्यांना दिसला. ते गाडीतून उतरले आणि चित्रीकरण करू लागले. भर दिवसा त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळण्यात आलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, छापे पडले, अटका झाल्या. ते सगळं आवश्यकच होतं. तरीही मला वाटतं की सोनवणे त्या दिवशी चार-पाच गुंडांपुढे एकटे उभे नव्हते. रोज, प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक लिटरला पंचवीस रुपये देऊ करणाऱ्या एका दरीपुढे ते उभे होते, आणि ती दरी कुणा गुंडाने खणलेली नव्हती. गरिबाच्या भल्यासाठीच ती ठेवलेली होती.

मग ती बुजवायची कशी? एका रात्रीत बुजवली तर काय होतं ते दक्षिण अमेरिकेने दाखवलं आहे. बोलिव्हियात २६ डिसेंबर २०१० रोजी सरकारने अनुदान काढून पेट्रोल ७३ टक्क्यांनी आणि डिझेल ८३ टक्क्यांनी महाग केलं. देश रस्त्यावर उतरला आणि वर्ष संपायच्या आत, ३१ डिसेंबरला, एवो मोरालेस यांना तो हुकूम मागे घ्यावा लागला. इक्वेडोरमध्ये १९७० च्या दशकापासून चाललेलं अनुदान ऑक्टोबर २०१९ मध्ये लेनिन मोरेनो यांनी एका फर्मानाने संपवलं. आंदोलन एवढं पेटलं की सरकारला आपला मुक्काम राजधानी कितोहून ग्वायाकिलला हलवावा लागला, आणि दोन आठवड्यांच्या आत फर्मान रद्द झालं.

भारतात हेच काम पैशापैशाने झालं. पेट्रोलचा दर जून २०१० मध्ये सरकारी बंधनातून सुटला होता. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला साधारण ५० पैशांनी वाढू लागलं. ५० पैशांसाठी कुणी रस्ता अडवत नाही. दीड-पावणेदोन वर्षं असं चाललं, त्यातच जगात तेल उतरलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मुक्त झालं. जुलै २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर २५-२५ पैशांनी चढत गेला आणि २०२० मध्ये त्यावरचं अनुदान शून्यावर आलं. रंगाने, मार्करने, छाप्यांनी जे साधलं नव्हतं ते या क्षुल्लक वाटणाऱ्या वाढीने साधलं. रॉकेल मिसळण्यात फायदाच उरला नाही. पानेवाडीची दरी चार आण्यांनी बुजत गेली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती पाच वर्षं आधी बुजायला लागली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

गॅस सिलिंडरच्या बाबतीत मात्र वेगळीच शक्कल लढवली गेली, आणि ती मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अनुदानाचा सिलिंडर ४१४ रुपयांना होता आणि विनाअनुदान १,२४१ रुपयांना. आतला गॅस तोच. घरगुती सिलिंडर हॉटेलात, गाडीत जाणार हे उघडच होतं. १ जानेवारी २०१५ पासून देशभर ‘पहल’ योजना लागू झाली. दुकानात सिलिंडरला एकच, बाजाराचा भाव, आणि अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात. आता सिलिंडर चोरून कुठे नेला तरी अनुदान त्याच्याबरोबर जात नव्हतं, ते माणसाजवळ राहत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘गिव्ह इट अप’ मोहीम सुरू झाली आणि एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान आपणहून सोडलं.

अर्थात दरी पूर्ण मिटलेली नाही. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आणि व्यावसायिक गॅसवर १८ टक्के, शिवाय घरगुती सिलिंडर तोट्यात विकल्याची भरपाई म्हणून केंद्राने तेल कंपन्यांना २०२२ मध्ये २२ हजार कोटी आणि २०२५ मध्ये ३० हजार कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरांतला गॅस किलोमागे आजही एका भावाचा नाही. पुण्याच्या उपनगरांत एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस काढणारे अड्डे पोलिसांना वारंवार सापडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्यात टँकरमधून चोरून सिलिंडर भरताना आग लागली, एकापाठोपाठ एक सिलिंडर फुटले आणि जवळच्या शाळेच्या बस जळाल्या. रात्रीची वेळ होती म्हणून मुलं तिथे नव्हती.

पैसे खात्यात देण्यात एक धोका मात्र आहे, आणि तो मोठ्याने सांगायला हवा. दुकानातला दर वाढला की सगळ्यांना दिसतो. खात्यात येणारी रक्कम आटली की आवाज होत नाही. मे २०२० पासून सर्वसाधारण ग्राहकाचं अनुदान जवळपास शून्य झालं, आणि त्यासाठी कुठे मोर्चा निघाला नाही. उज्ज्वला योजनेतल्या घरांना आता सिलिंडरमागे ३०० रुपये मिळतात. तरी २०२३-२४ मध्ये या घरांचा सरासरी वापर वर्षाला चार सिलिंडरही नव्हता. चार सिलिंडरमध्ये वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. उरलेले महिने चूल पेटते आणि धूर त्या घरातल्या बाईच्या छातीत जातो. अनुदान माणसाला द्यावं, द्रवाला नको, हे मला मनापासून पटतं. पण मग ते पुरेल एवढं द्यायला हवं.

दोन भावांमधल्या या ओढीचा उपयोग सरकार जाणूनबुजूनही करतं, आणि त्याची प्रयोगशाळा पुणे जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात आहे. पेट्रोलचा भाव मुक्त आहे, पण आज त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलचा भाव दिल्लीत ठरतो, तोही कशापासून बनलं यावर. २०२५ च्या सुरुवातीला निघेल तेवढी साखर काढून घेतलेल्या मळीच्या, म्हणजे सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे होते, थोडी साखर राखलेल्या बी-हेवी मळीच्या ६० रुपये ७३ पैसे आणि थेट रसाच्या ६५ रुपये ६१ पैसे. या साडेसात-पावणेआठ रुपयांच्या उतरंडीवरून बारामती-इंदापूरकडचा उसाचा रस साखरेच्या पोत्यात जायचा की पेट्रोलच्या टाकीत, हे कारखाने ठरवतात. ७ डिसेंबर २०२३ रोजी, पाऊस कमी आणि साखर टंचाईची भीती म्हणून, केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली. गाळप हंगाम ऐन भरात होता आणि कर्ज काढून उभे केलेले आसवनी प्रकल्प अडकले. आठवड्याभरात ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेएवढा रस-मळी वळवायची परवानगी मिळाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले. ऊस तोच होता, कारखाने तेच होते. रस मात्र दर वेळी भावाच्या मागे गेला.