रोग दिसत नाही, पण अंड्यात असतो

२००६ साल पुष्कळांना आठवत असेल. फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांवर बर्ड फ्लूची साथ आली. मार्चमध्ये ती आपल्या जळगाव जिल्ह्यातही आली. कोंबड्या पटापट मेल्या. रोग साऱ्यांना दिसला.

पण दुसरा एक रोग असा आहे, की तो बहुधा दिसतच नाही. कोंबडी दाणे टिपते, अंडी घालते. तुराही लालभडक असतो. तरी तिच्या पोटात रोगजंतू असतात. या जंतूचे नाव साल्मोनेला.

हा जंतू अंड्यात जातो कसा? त्याच्या वाटा दोन.

पहिली वाट बाहेरची. कोंबडीची शीट अंड्याला लागते. अंड्याचे टरफल घट्ट दिसते, पण त्याला हजारो बारीक छिद्रे असतात. ओल मिळाली की जंतू त्यांतून आत शिरतो.

दुसरी वाट आतली. कोंबडीच्या पोटात जिथे अंडे तयार होते, तिथेच जंतू पोचतो. मग टरफल चढण्याआधीच तो अंड्यात जाऊन बसतो. असे अंडे वरून स्वच्छ दिसते. त्याला वासही येत नाही.

दर अंड्यात जंतू असतो असे नाही. पण कोणत्या अंड्यात आहे, ते पाहून कळत नाही. त्यात आपला खानदेशचा उन्हाळा! उबेत एका जंतूचे दोन, दोनाचे चार होतात.

अशक्त पोराला दुधात कच्चे अंडे द्यावे, असे आपण ऐकत आलो. आम्हीही कितीकांना तसे सांगितले. ती आमची चूक झाली. अशा अंड्याने जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. धडधाकट माणूस आठवड्यात बरा होतो. लहान मूल, म्हातारे माणूस यांच्या मात्र जिवावर बेतू शकते. त्यांना मीठ-साखरेचे पाणी पाजत लगेच दवाखान्यात न्यावे.

मग अंडी खाऊ नयेत की काय? जरूर खावीत. अंड्याने अंगात बळ येते. फक्त पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवावे. तडकलेले अंडे घेऊ नये. अंडी गार जागी ठेवावीत. धुऊन ठेवू नयेत, कोरड्या फडक्याने पुसावीत. कच्च्या अंड्याला हात लागला तर साबणाने धुवावा. खुराडे रोज झाडावे. दाण्याला उंदीर लागू देऊ नये, कारण उंदीरही हा जंतू पसरवतो.

डोळ्यांना न दिसणारा हा जंतू चुलीच्या आचेपुढे टिकत नाही. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.