दिसत नाही म्हणजे नाही का?

पक्षाघात होतो, पण अँजिओग्राफीत मेंदूची धमनी मोकळी दिसते. मग तिथे दोष नाहीच, असं आपण म्हणून टाकतो. पण ही तपासणी रक्त वाहतं ती पोकळी दाखवते, भिंत नव्हे. भिंतीत प्लाक, म्हणजे मेदाचा थर, साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. हृदयाच्या धमनीत थर सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही, हे ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं. मेंदूतही असे लपलेले थर सापडतात.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे प्रमाण मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. खोलीत घडा नाही हे उजेडात म्हणावं, अंधारात नाही. अँजिओग्राफीत भिंतीपुरता अंधारच असतो.

भिंतीच्या एमआरआयमध्ये गंमत उलटी. तिथे वाहतं रक्तच काळं करतात, मग मिलिमीटरहून पातळ भिंत उठून दिसते. गॅडोलिनियम टोचल्यावर थर उजळला, तर झटका त्याच्यामुळेच आला असावा हा संशय बळावतो. खात्री मात्र नाही. भिंतीला सूज असली तरी ती उजळतेच. तेव्हा रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसलं, तर डॉक्टरांना आपण एवढं विचारू या: पाहिलं काय, पोकळी की भिंत?