आपली गती आणि सर्वांची वेळ

ऑनलाइन शिक्षण या एका नावाखाली दोन भिन्न व्यवहार चालतात. एकात विद्यार्थी पाठ्यसाहित्य आपल्या सवडीने, थांबत आणि मागे वळत अभ्यासतो. दुसऱ्यात शिक्षक व विद्यार्थी ठरल्या वेळी पडद्यासमोर एकत्र येतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आपल्या भाषेला अपरिचित नाही.

ज्ञानेश्वरीचेच पाहा. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ती श्रोत्यांसमोर सांगितली गेली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ग्रंथात पदोपदी श्रोत्यांशी संवाद आहे, अवधानाची विनवणी आहे. सांगण्याचा प्रसंग सरला. पोथी मात्र आजही कोणी एकांतात एकेका ओवीपाशी रेंगाळत वाचतो. तरीही वारकऱ्यांनी पोथीवरच समाधान मानले नाही. प्रवचनाची बैठक राखली. एकट्याने वाचताना शंका मनातच राहते, हे त्यांना उमगले असावे.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून हाच मेळ निराळ्या रीतीने घातला: घरी स्वयं-अध्ययनाचे पुस्तक आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मात्र अनेक शाळांनी आपले वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर चढवले. घरात फोन एकच, आणि तोही वडिलांच्या खिशात! केवळ ध्वनिफितींवर भिस्त ठेवावी, तर तेही पुरत नाही. जगभर विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांना नावे नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्य ते अर्ध्यावर सोडतात, कारण पलीकडे आपली वाट पाहणारे कोणी नसते.

आपल्या बारडोलीपुरते बोलायचे तर येथील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी डांगमधून, तसेच धुळे-नंदुरबारकडून कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी त्यांच्या जीवनावर विस्ताराने लिहिले आहे. खानदेशातून आलेल्या मुलाची शाळा मराठी, घरची बोली अहिराणी वा भिली, आणि पडावाशेजारची शाळा गुजराती. बालभारतीची पुस्तके फोनवर मिळू शकतात, म्हणजे पुस्तक त्याच्याबरोबर येते. शिक्षक मात्र गावीच राहतो. शिकण्याच्या या दोन रीतींची खरी कसोटी येथे लागते.

माझ्या मते तासांची निम्मी-निम्मी वाटणी करणे व्यर्थ आहे. व्याकरणाचा नियम, गणिताची रीत, पाठाचे वाचन हे सारे ध्वनिमुद्रित करून पाठवावे. ते मूल दहा वेळा ऐको. प्रत्यक्ष भेटीचा वेळ कवितेच्या अर्थासाठी, निबंधातील दुरुस्तीसाठी आणि कोठे अडले ते विचारण्यासाठी राखावा. पाऊण तास भाषण ऐकवण्यात तो घालवणे म्हणजे उधळपट्टी! आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. चित्राविना नुसता आवाज असला तरी चालेल, कारण त्यास डेटा कमी लागतो. मुलाने आधीच पाठवलेल्या शंकेचे उत्तर त्याच्या नावाने द्यावे, म्हणजे तो गैरहजर असला तरी नंतर ऐकू शकेल. आणि हा तास रात्रीचाच ठेवावा. तोडीचे माणूस पडावावर परतल्यावाचून फोन मुलाच्या हाती येत नाही.