गॅसवरची फटफटी

नवी गाडी दारात लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ‘ॲव्हरेज किती देते?’ बजाजच्या ‘फ्रीडम १२५’कडे याचं उत्तर दोन भागांत आहे. सीएनजीवर किलोला १०२ किलोमीटर आणि पेट्रोलवर लिटरला ६५, असा कंपनीचा दावा. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात आलेली ही सीएनजीवर चालणारी पहिली मोटारसायकल.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या एलपीजीसारखा तो दाबाखाली द्रव होत नाही, वायूच राहतो. म्हणून साधारण २०० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोनशेपट दाबाने तो कोंबावा लागतो आणि टाकी दणकट लागते. इथे २ किलो गॅससाठी १६ किलोची टाकी आहे! ती सीटखाली आडवी बसवल्यामुळे सीट चांगलीच लांब झाली. तिघं बसवणाऱ्यांना हे सांगू नये.

पुढे २ लिटर पेट्रोलचीही सोय आहे. गॅस संपला की हँडलवरचं बटण दाबायचं. पूर्वी पेट्रोल संपत आलं की स्कूटर आडवी करून उरलेले चार थेंब कार्बोरेटरकडे ढकलायचे. ती विद्या इथे बाद. पण पेट्रोलसारखा गॅस काही टपरीवरच्या पाण्याच्या बाटलीत मिळत नाही. त्यासाठी पंपावरच जायचं आणि रिक्षांच्या रांगेत उभं राहायचं. मागच्या रिक्षावाल्याचा सल्ला फुकट असतो.