परदेश कोणाचा?

गाव सोडून पोट भरण्यासाठी दूर जाण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर चाकरी करीत आले. परंतु तारवटी एकटाच जाई. त्याची मुले गावातच, आजीच्या पदराखाली वाढत. बाप दूर असे, पण आपले घर कोणते, चर्च कोणते, सोबती कोण, याविषयी मुलाच्या मनात संभ्रम नसे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत कामे निघाली आणि भारतातून लाखो माणसे तिकडे गेली. ज्यांचा पगार तेथील सरकारांनी ठरविलेल्या मर्यादेत बसला, त्यांना बायकामुले नेण्याची मुभा मिळाली. कुवैत, दुबई, मस्कत, दोहा येथे आपली मुले जन्मली व वाढली. तारवट्याच्या घरात कधी न उठलेला एक प्रश्न तेव्हापासून उभा राहिला: हा परदेश नेमका कोणाचा?

आईबापांपुरते उत्तर सरळ आहे. ते गाव सोडून गेले आणि एके दिवशी गावी परतणार. पण मुलाने काय सोडले? इमारतीचा जिना, शाळेची बस, खालचे किराणा दुकान आणि सायंकाळी कानी येणारी बांग, हेच त्याचे बालपण. आई “घरी जाऊ” म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तिचे अंगण उभे राहते; मुलाला मात्र ते सुट्टीत पाहुणा म्हणून राहण्याचे ठिकाण वाटते. आखातातील भारतीय शाळांना मोठी सुट्टी बहुधा जुलै-ऑगस्टात असते. त्यामुळे या मुलांना गाव ठाऊक असते ते केवळ पावसातले. मे महिन्यातला आंबा आणि काजूच्या बागांचा वास ही त्यांच्या लेखी ऐकीव गोष्ट. जे आईबापांना परत येणे वाटते, तेच मुलाला आपला मुलूख सोडणे वाटते. ही एक गोष्ट ध्यानी घेतली, तर संगोपनातील पुष्कळ गुंते समजू लागतात.

आणि तो मुलूख बहुतेकांना कधी ना कधी सोडावाच लागतो. आखाती देशांत केवळ तेथे जन्म झाल्याने नागरिकत्व मिळत नाही. कुटुंबाचा राहण्याचा परवाना सामान्यतः वडिलांच्या नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी सुटली की थोड्या मुदतीत घर आवरावे लागते. कधी तर तेवढी मुदतही मिळत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवैतमध्ये शिरल्या, तेव्हा तेथील भारतीय कुटुंबांचा संसार एका रात्रीत रस्त्यावर आला. वाळवंट ओलांडून लोक जॉर्डनमधील अम्मान शहरी पोहोचले आणि पुढील काही आठवड्यांत एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. मोठ्यांनी त्यात बचत गमावली. मुलांनी शाळा, मित्र आणि वह्या-पुस्तके गमावली, आणि मित्रांचा निरोपही त्यांना घेता आला नाही. पुन्हा २०२० साली, महामारीच्या काळात, नोकऱ्या गेलेली अनेक कुटुंबे अशीच घाईने परतली.

अशा मुलांच्या मनाचा अभ्यास करण्याची प्रेरणा एका विदुषीला आपल्या भारतातच मिळाली, हे येथे सांगण्याजोगे आहे. रूथ हिल यूसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई १९५० च्या दशकात पती जॉन यांच्यासह भारतात आल्या आणि येथे कामानिमित्त राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचे त्यांनी निरीक्षण केले. त्यांच्या मुलांना बाईंनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ असे नाव दिले. पहिली संस्कृती आईबापांच्या देशाची, दुसरी राहत्या देशाची. आणि या दोहोंच्या सीमेवर जगणाऱ्यांची आपसांतली ती तिसरी. अशी मुले अनोळखी माणसांत चटकन मिसळतात, अनेक भाषा उचलतात. परंतु “तू कुठला?” एवढ्या साध्या प्रश्नापाशी ती अडखळतात.

मग आईबापांनी काय करावे? पहिली गोष्ट भाषेची. शाळेचे माध्यम इंग्रजी. संयुक्त अरब अमिरातीतील खाजगी शाळांत अरबीही शिकावी लागते. आपली मराठी किंवा कोकणी तेथील शाळा सहसा शिकवीत नाही. ती स्वयंपाकघरातच टिकेल, नाहीतर टिकणार नाही. मुलाने इंग्रजीत उत्तर दिले तरी आईने रागावू नये. आपण मात्र आपल्याच भाषेत बोलत राहावे. ज्या नातवाला आजीचे शब्द कळत नाहीत, त्याच्याशी आजी दोन वाक्यांपलीकडे काय बोलणार? भाषा गेली की आधी आजी दुरावते आणि मग गाव.

दुसरी गोष्ट सत्याची. “आपण येथे कायमचे नाही” हे मुलाला लहानपणापासून, भीती न घालता, सांगितले पाहिजे. कागदपत्रेही वेळेवर करावीत. भारतीय आईबापांचे मूल परदेशी जन्मले, तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याच्या जन्माची नोंद करणे आवश्यक आहे. ३ डिसेंबर २००४ पासून कायदा तसा आहे. हयगय केल्यास पुढे मुलाच्या नागरिकत्वाचाच प्रश्न येतो.

तिसरी गोष्ट निरोपाची. अशा मुलांमध्ये काम केलेले डेव्हिड पोलॉक यांनी निघण्यापूर्वीची चार कर्तव्ये सांगितली आहेत: कोणाशी भांडण असेल तर ते मिटवावे; ज्यांनी माया केली त्यांचे आभार मानावे; माणसांचा आणि जागांचाही रीतसर निरोप घ्यावा; आणि पुढील ठिकाणाचा विचार आधीच सुरू करावा. आपण मोठी माणसे सामान बांधण्यात गुंततो. मुलाला मात्र शेजारच्या मित्राचा निरोप घेण्यास एक संध्याकाळ हवी असते.

आता गावात राहणाऱ्या आपणां सर्वांसाठी. परत आलेल्या मुलाचे उच्चार हसण्यावारी नेऊ नयेत. त्याला पंखा सोसत नाही, विहिरीचे पाणी रुचत नाही, म्हणून “दुबईवाला” अशी हाक मारू नये. तो घरी आलेला नसून, घर सोडून आलेला आहे. आपल्या वयाच्या एका सोबत्याबरोबर त्याला शेतात धाडावे. ऑगस्टात गोव्याच्या गावी नव्या कणसांचे फेस्त होते, तेथे त्याच्या हाती एक लोंबी द्यावी. त्याच्या वाळवंटाच्या गोष्टीही मनापासून ऐकाव्यात, कारण त्या ऐकणारे त्याला येथे दुसरे कोणी नाही.

पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात इजिप्तमध्ये आश्रयास गेलेल्या पवित्र कुटुंबाला सर्व परदेशस्थ कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. त्या कुटुंबाची आणखी एक गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. हेरोदाच्या मृत्यूनंतर योसेफ परतला, पण यहुदियात राहण्याची त्याला भीती वाटली. म्हणून तो बाळाला व त्याच्या आईला घेऊन गालीलातील नाझरेथ गावी गेला. परत आलेल्या बालकाला तेथे नव्यानेच रुजावे लागले, आणि त्या गावाचे नाव त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. आपल्याकडे परतणाऱ्या प्रत्येक मुलाला असे एक नाझरेथ हवे असते. ते देणे जितके आईबापांच्या हाती आहे, तितकेच ते गावाच्याही हाती आहे.