व्हायोला कोण धरणार?

आमच्या भजनी मंडळात पेटी सगळ्यांनाच हवी, टाळ धरायला मात्र कुणी तयार नसतं! म्हणूनच मला लंडनच्या अमाडेउस क्वार्टेटचं फार अप्रूप वाटतं. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर उभं राहून हातवारे करणारा कुणी नाही. चौघांनी एकमेकांकडे बघत वाजवायचं.

ब्रेनिन, निसेल आणि शिडलोफ हे व्हिएन्नाचे ज्यू तरुण. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा जीव वाचवून इंग्लंडला आले. तिथे १९४० मध्ये त्यांनाच 'शत्रूदेशाचे' म्हणून छावण्यांमध्ये डांबलं! ओळखी जुळल्या त्या तिथेच. सुटल्यावर माक्स रोस्टाल यांनी तिघांना एक पैसाही न घेता शिकवलं.

पण तिघेही व्हायोलिनवाले. मग व्हायोला कोण धरणार? तो शिडलोफनी धरला. चेलोला मार्टिन लव्हेट हा इंग्रज मिळाला, आणि १९४८ मध्ये विग्मोर हॉलमध्ये 'अमाडेउस' या नावाने पहिली मैफल झाली. व्हायोलाचा सूर मधला, बरं का. भाजीतल्या मिठासारखा, असताना जाणवत नाही.

तेच चौघे जवळजवळ चाळीस वर्षं वाजवत राहिले. १९८७ मध्ये शिडलोफ गेले. उरलेल्या तिघांनी त्यांच्या जागी कुणालाही घेतलं नाही, क्वार्टेटच बंद केलं.