जुनी दुचाकी, पुन्हा रस्त्यावर – भाग ४ : हा पार्ट हिचाच का?

गाडी गोठ्यातून बाहेर काढली, धुतली, की लगेच पार्टांची यादी करायची घाई होते. या आठवड्यात ती यादी बाजूला ठेवू. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाडीवर आज जे लागलंय ते मुळात तिचंच असेल, असं धरून चालू नका. शहादा-तळोद्याच्या मिस्त्रीपुढे गिऱ्हाईक यायचं ते गाडी संध्याकाळपर्यंत चालू करून मागायला. मग राजदूतला येझदीचा हेडलाइट आणि येझदीला बुलेटचं हँडल बसलं, तर त्यात त्याचा दोष नाही. पण तोच हेडलाइट नमुना म्हणून घेऊन तुम्ही बाजारात निघालात, तर तो दोष तुमचा.

सुरुवात कागदांपासून करा. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. नंबरावर रंगाचे थर चढले असतील तर थिनर आणि चिंधी वापरा, ग्राइंडर मुळीच नको. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून इथल्या खऱ्या जुन्या गाडीचे मूळ कागद सहसा धुळ्याचे निघतात: जुलै १९८९ नंतरची असेल तर एमएच १८, त्याआधीची असेल तर तीन अक्षरांची जुनी मालिका. १९७४ची म्हणून विकायला काढलेल्या गाडीवर नंदुरबारच्या एमएच ३९ची पाटी दिसली, तर फेरनोंदणी कधी आणि का झाली, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ जावा-येझदीत होतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६०च्या दशकात जावा बनत होती. पुढे १९७०च्या दशकात तिथूनच येझदी नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. सुरुवातीची येझदी जावाचीच सख्खी बहीण, त्यामुळे येझदीला जावाची टाकी आणि बिल्ले चढवून ती चढ्या भावाने विकणारे पुष्कळ आहेत. जुनी जावा २५० आणि नंतरची येझदी रोडकिंग या दोन्हींचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर. एवढ्यावरून दोघींचे सिलिंडर एकच समजू नका. जावाची चाकं १६ इंची, रोडकिंगची १८. रिम बदलली की मडगार्ड, स्टँड, सगळंच विसंगत दिसायला लागतं. आणि मोबाइलवर नुसतं ‘जावा पार्ट’ शोधाल, तर २०१८मध्ये आलेल्या नव्या जावाचा माल समोर येईल. ती पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक, तुमची हवेवर थंड होणारी टू-स्ट्रोक. नावापलीकडे नातं नाही.

राजदूतमध्येही तेच. दुधाच्या कॅन वाहणारी १७५ आणि ‘बॉबी’ चित्रपटामुळे गाजलेली छोटी जीटीएस यांचं इंजिन एकाच घराण्यातलं, पण चाकं आणि सांगाडा निराळा.

आता आटे. माझ्या मते ओळखीची सगळ्यात खात्रीची खूण हीच, आणि तिच्याकडेच कुणी बघत नाही. जावा मेट्रिक. जुनी बुलेट इंग्रजी वळणाची, तिच्यावर इंचातले बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि इंचाला २६ आट्यांचे सायकल-आटे सापडतात. पाच-सोळांश इंची बीएसएफ बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, मेट्रिक आठचा ८. हाताला फरक कळत नाही. पण बीएसएफला इंचात २२ आटे, म्हणजे दोन आट्यांत साधारण १.१५ मिलिमीटर अंतर, तर मेट्रिकला १.२५. शिवाय बीएसएफच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. बीएसएफच्या भोकात मेट्रिक बोल्ट एक-दोन वेढे सुखाने जातो आणि अडतो. तिथे पाना जोरात फिरवला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेलेच. पिच गेज आणि व्हर्निअर, दोन्ही मिळून टाकीच्या रंगापेक्षा कितीतरी स्वस्त.

रंगाची मूळ छटा टाकीच्या वरच्या बाजूला शोधू नका. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, टाकीचा तळ, हेडलाइटच्या कवचाचा आतला भाग पाहा. ओल्या बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासलं, की थर एकाखाली एक उघडे पडतात. फोटोंतल्या चकचकीत ‘रिस्टोअर’ गाड्यांवर भरवसा ठेवू नका. त्याच सालची गंजलेली, पण हात न लागलेली गाडी त्यापेक्षा शंभर पटीने खरी.

गोठ्यातल्या गाडीची एक वेगळी गोष्ट. शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया पितळ आणि तांब्याला खातो. वायरिंगची टोकं हिरवी पडली असतील, तर कार्बोरेटरचे पितळी जेटही नीट तपासा. मात्र जुने जेट फेकू नका, त्यांवरचा आकडाच नव्याचं माप सांगतो.

हा खटाटोप हौसेपुरता नाही. जुलै २०२१मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये.

पुढच्या भागात टाकीच्या आतला गंज. तोवर गाडीवरून उतरवलेला एकही तुकडा भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, आणि नवा पार्ट बसून गाडी फिरेपर्यंत जुना जपून ठेवा.